पडद्यामागचा चार नंबर

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय ढुंढिराजराव जानोरकर, प्राचार्य डॉक्टर किशोर वडनेरे, व्यासपीठावरचे पाहुणे, संचालक मंडळाचे सदस्य, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले कर्मचारी बंधुभगिनी, आजी-माजी विद्यार्थी, आणि माईकशेजारी उभे असलेले आमचे जयरामभाऊ, तुम्हा सगळ्यांना इंदिरा गायधनीचा नमस्कार.

गेला तासभर माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी मान खाली घालून ऐकलं. ‘ज्ञानतपस्विनी’ झालं, ‘इंग्रजी विभागाची माउली’ झालं. प्राचार्य म्हणाले की मॅडमनी तीस वर्षं जात-धर्म न बघता शिकवलं. शाल छान आहे, नारळही चांगला पाणीदार दिसतोय. मी आभारी आहे. आणि आता खरं सांगते, हे ऐकताना मला किळस येत होती. तुमच्या शब्दांची नाही हो, शब्द बिचारे चांगलेच होते. ते आज, या आठवड्यात, या तोंडांनी बोलले गेले याची.

बघा, प्राचार्य हसताहेत. त्यांना वाटतंय, मॅडमचा नेहमीचा तिरकसपणा. बसा सर, निवांत बसा. कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्कारमूर्तींचे मनोगत’ असं छापलंय तुम्हीच, आणि वेळ लिहिलेली नाही. चहा थंड होईल, होऊ दे.

मी आज साडेपाच वाजता निवृत्त होते. आत्ता पावणेपाच झालेत. या पाऊण तासात मला एका कागदावर सही करायची आहे. कागद दोन आहेत, सही एकावरच होईल. कुठल्या, ते सांगण्याआधी तुम्हाला एका पडद्याची गोष्ट ऐकावी लागेल. मागच्या रांगेतल्या मुलांनो, मोबाईल खाली ठेवा. मी अजून पाऊण तास तुमची मास्तरीण आहे.

आमच्या विभागाची तोंडी परीक्षा पडद्याआड होते, हे तुम्हाला माहीत आहे. विद्यार्थी पडद्यामागे बसतो, त्याच्या हातात नंबराची चिठ्ठी असते, समोर एक उतारा असतो. पडद्याच्या अलीकडे परीक्षक असतो. त्याला नाव माहीत नसतं, चेहरा दिसत नसतो, कपाळावर टिळा आहे की डोक्यावर टोपी, कळत नाही. बाहेरचे लोक हसतात. विद्यापीठाचे एक परीक्षक तर म्हणाले होते, ‘मॅडम, मुलगी बघायचा कार्यक्रम आहे का हो?’ हसू देत. ही पद्धत माझी नाही. माझे सहकारी शफीसर यांची. नवीन मुलांना माहीत नसेल, सर सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांचं नाव आज कोणाच्याच भाषणात आलं नाही, म्हणून मी घेते.

शफीसर आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. नुसते सहकारी नव्हतो, जुन्या नाशकात आमची दारं समोरासमोर होती. कॉलेजात ते मला ‘मॅडम’ म्हणायचे, गल्लीत ‘इंदिराताई’. एका वर्षी तोंडी परीक्षेनंतर ते गुणपत्रकं घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘इंदिराताई, वाईट वाटून घेऊ नका. आपण दोघंही तोंडं बघून मार्क देतोय. तुमची मुलं तुमच्याकडे वर, माझी माझ्याकडे वर.’ मला राग आला. मी म्हटलं, काहीतरीच काय! त्यांनी दोन्ही याद्यांतली नावं समोर ठेवली. मग मला मान्य करावं लागलं.

स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाचा एक फाटका किरमिजी पडदा अडगळीत पडला होता. सरांच्या आईनं, खातूनबींनी, तो आपल्या मशीनवर शिवून दिला. अजून तोच आहे. आणि उतारा सरांनी स्वतः लिहिला. एका छोट्या स्टेशनाजवळच्या शाळेचा, त्यात स्टेशन, स्कूल, ऑफिस, झीरो, फिल्म असे शब्द मुद्दाम पेरलेले. का पेरले? कारण त्या शब्दांत माणूस कुठे वाढला ते बाहेर येतं.

विषय कोरडा आहे, पण थोडं सहन करा. इंग्रजी काही एक नसतं. ते परदेशातही एक नाही आणि आपल्या नाशकातही एक नाही. इथे कोणी ‘स्टेशन’ म्हणतं, कोणी ‘इस्टेशन’. कोणी ‘ऑफिस’ म्हणतं, कोणी ‘आफिस’. उर्दूच्या घरातलं मूल झेड इतका स्वच्छ म्हणतं की आपल्याकडच्या प्राध्यापकांनी ऐकून लाजावं. मला स्वतःला तो तिशीनंतर आला, आणि शिकवला कोणी, तर खातूनबींनी. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. यात चूक कुठलंच नाही. वळणं आहेत नुसती.

शफीसर दर वर्षी पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांकडून तो उतारा वाचून घ्यायचे आणि आवाज साठवून ठेवायचे, आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. शेजारी एक रजिस्टर. त्या रजिस्टरात धर्माचा रकाना नव्हता बरं का. मी म्हटलं होतं ठेवा, तर सर म्हणाले, ‘नको. शेजाऱ्यांचा ठेवू.’ म्हणून आम्ही मुलांना विचारायचो, तुझ्या घराच्या उजवीकडे कोण राहतं? डावीकडे कोण? लहानपणी कोणाबरोबर खेळलास? सुरुवातीच्या वर्षांत त्या रकान्यात खिचडी असायची. डावीकडे मणियार, उजवीकडे दीक्षित. आणि गंमत म्हणजे त्या गल्लीतली सगळी मुलं एकच इंग्रजी बोलायची. कॅसेट ऐकून नाव सांगणं मलाही जमत नव्हतं, शफीसरांनाही नाही.

मग रकाना बदलत गेला. कसा बदलला ते मी सांगायची गरज नाही. तुम्ही सगळे याच शहरात राहता, प्रत्येकानं घर घेताना आजूबाजूला कोण आहे ते बघितलंय. डावीकडे आपले, उजवीकडे आपले, वरच्या मजल्यावर आपले. तिकडे त्यांचे, त्यांचे आणि त्यांचे. आणि दहा-बारा वर्षांत इंग्रजी दोन झाली. इकडची मुलं मोबाईलवरून शिकून जीभ वळवायला लागली, तिकडच्यांनी आपलं वळण आणखी घट्ट धरलं. एका हुशार पोराला मी विचारलं, अरे, तुला ‘स्टेशन’ म्हणता येतं, मग मित्रांत ‘इस्टेशन’ का? तो म्हणाला, ‘मॅडम, तसं बोललो तर मोहल्ल्यात म्हणतात, ये देखो, गंगापूर रोडवाला आया.’ म्हणजे आपण घरं वेगळी केली आणि पोरांनी जिभा वेगळ्या केल्या.

आता माझ्या घरचं सांगते, नाहीतर म्हणाल, बाई दुसऱ्यांना बोलते.

माझा मुलगा विश्वेश आणि सरांचा सरफराज एका महिन्याचे. गल्लीत दोघं मास्तर-मास्तर खेळायचे. पाच वर्षांचे असताना दोघंही ‘इस्कूल’ म्हणायचे आणि दोघांचाही झेड खातूनबींचा. विश्वेश नऊ वर्षांचा असताना आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. चार-पाच वर्षांनी सरांचं घर पडायला आलं, तेव्हा त्यांनी आमच्याच इमारतीतला रिकामा फ्लॅट बघितला. बिल्डरला आवडलं, किंमत ठरली. मग सोसायटीची सभा झाली. ठराव काय, तर ‘इमारतीत समविचारी कुटुंबांनाच प्रवेश द्यावा.’ समविचारी! काय सुंदर शब्द शोधून काढला होता. अहो, त्या इमारतीत दोन सख्खे भाऊ पार्किंगवरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण समविचारी.

त्या ठरावावर अकरा सह्या आहेत. सातवी माझी आहे.

हो, माझी. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सगळे करताहेत, आपण एकट्या कशाला वाईट व्हायचं, एवढाच विचार केला. दुसऱ्या दिवशी शफीसर स्टाफरूममध्ये आले. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्याकडे बघूनच समजलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, ‘मॅडम, पडदा फार मळलाय, धुवायला द्यायला हवा.’ त्या दिवसापासून त्यांनी मला कधी ‘इंदिराताई’ म्हटलं नाही. चौदा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो आणि मी एकदाही माफी मागितली नाही. मग ते वारले. शी! स्वतःची इतकी शिसारी मला दुसऱ्या कशानं आलेली नाही.

सर नाशकातच, वडाळ्याच्या मोहल्ल्यात राहायला गेले. पुढे विश्वेश आणि सरफराज दोघंही याच कॉलेजात आले, सतराव्या वर्षी. मुलगा परीक्षेला असला की आई मार्क देत नाही, म्हणून मी नुसती ऐकत बसले होते. पडद्यामागून अकरा नंबर बोलला, मग बारा नंबर. पहिल्याच वाक्यात मला कळलं, कुठला कोणाचा. पाच वर्षांचे असताना जे आवाज आंधळी कोशिंबीर खेळताना मला वेगळे ओळखू यायचे नाहीत, ते आता पडद्याआडूनही वेगळे झाले होते. विश्वेशचा झेड गेला होता. शफीसर माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टरात डोकं घातलं.

हे झालं जुनं. आता गेल्या पंधरवड्यातलं.

आपल्या भाषा प्रयोगशाळेत उच्चार प्रशिक्षकाची एक जागा निघाली. कायम स्वरूपाची, पूर्ण पगाराची. नऊ उमेदवार आले. निवड समितीत तीन माणसं, अध्यक्ष ढुंढिराजराव, प्राचार्य आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. माझी एकच अट होती, परीक्षा पडद्याआड व्हावी. दोघांनी हसत हसत मान्य केली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जयरामभाऊंनी चिठ्ठ्या केल्या, नावांचं पाकीट सीलबंद केलं, उमेदवार पडद्यामागे बाकावर बसले. आणि इथे एक गोष्ट झाली. आमच्या कानांवर हेडफोन होते, समोर पडदा होता, त्यामुळे समितीला वाटलं की पलीकडे भिंत आहे. हेडफोन लावलेला माणूस मोठ्यानं बोलतो, हे प्रयोगशाळेतल्या शिपायालाही माहीत आहे. आम्हा तिघांना सुचलं नाही.

चार नंबरनं उतारा वाचायला घेतला. छान, स्वच्छ, न घाबरता. पहिल्याच ओळीत ‘इस्टेशन’ आलं. अध्यक्ष काय म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. ‘ही त्यांच्यातली दिसते. ह्यांना कितीही शिकवा, जिभेला वळण नाही ते नाहीच. मुलांपुढे हे उभं करायचं?’ प्राचार्य म्हणाले, ‘मालेगाव लाईन, सर.’ आणि दोघं हसले. मी हसले नाही. पण थांबवलंही नाही, तेव्हा माझ्यासाठी टाळ्या नकोत.

मग सात नंबर आला. अध्यक्षांनी डोळे मिटले. ‘वा! याला म्हणतात घरातलं वळण. दोन पिढ्या शिकल्याशिवाय हे येत नाही.’ प्राचार्य म्हणाले, ‘संस्कार, सर, संस्कार.’ दोघांनी सात नंबरला नव्वदच्या वर मार्क दिले. मी अठ्ठ्याऐंशी दिले. चार नंबरला त्यांनी चाळीसच्या आत दिले, मी पंचाहत्तर. कारण चार नंबरचं बोलणं वाईट नव्हतंच, सात नंबरचं थोडं अधिक सराईत होतं इतकंच.

पाकीट उघडलं. सात नंबर, झेबा नौशाद मणियार. पिंपळगाव बसवंत. वडील द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरतात, आजोबाही तेच करायचे. दोन पिढ्यांचं घरातलं वळण ते हे. चार नंबर, यशश्री. ढुंढिराजराव, आपली सख्खी भाची.

आता यात आश्चर्य काय आहे? शफीसरांचं रजिस्टर उघडलं असतं तर कोडं आपोआप सुटलं असतं. झेबा पिंपळगावच्या मराठी शाळेत शिकली. तिच्या बाकावर जाधव आणि मोरे, घराशेजारी बोरस्ते, त्यांच्याच मुलींबरोबर ती वाढली आणि त्यांच्यासारखंच इंग्रजी बोलते. यशश्रीचे वडील नोकरीनिमित्त चौदा वर्षं मालेगावात, तिच्या मैत्रिणी तिथल्या, शिकवणीच्या बाई तिथल्या. ती त्यांच्यासारखं बोलते. माणूस शेजाऱ्यासारखा बोलतो, देवासारखा नाही. आणि मामांना भाचीचा आवाज ओळखू आला नाही, याचंही नवल नाही. दिवाळीला घरी येते तेव्हा ती मराठीत बोलते.

मला वाटलं, आता दोघं हसतील, म्हणतील, मॅडम, फजिती झाली आमची, चला, झेबाचं नाव लिहा. अजूनही माझा माणसांवर असा भोळा विश्वास आहे. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘जयरामनं चिठ्ठ्या उलट्या वाटल्या वाटतं.’

बस्स. एवढंच वाक्य. त्यानंतर सगळं भराभर झालं. दोन गुणपत्रकं फाडली गेली. आवाज साठवलेली डिस्क दुसऱ्या दिवशी ‘चुकून’ फॉरमॅट झाली, आणि तिच्याबरोबर आमचे अठ्ठावीस वर्षांचे आवाज गेले. गल्लीतल्या मुलांचे, विश्वेशचे, सरफराजचे, सगळे. वर ठराव झाला, यापुढे पडदा नको, समोरासमोर मुलाखती घेऊ. आणि जयरामभाऊंना कारणे दाखवा नोटीस निघाली की निष्काळजीपणे क्रमांकांची अदलाबदल केली.

जयरामभाऊ माझ्या केबिनमध्ये आले. नोटीस हातात. कळवणकडचा माणूस, एकोणतीस वर्षं नोकरी, दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा घरी नेली नाही कधी. मला म्हणाले, ‘म्याडम, शफीसरांनी शिकवलं तसं करतो म्या. चिठ्ठी उमेदवाराच्या हातात, नाव पाकिटात. लय वर्षं झाली, कधी चुकलो नाय. आता काय लिहू ह्याच्यात? चुकलो म्हणून लिहिलं तर ती पोरगी जाते. नाय लिहिलं तर माझी नोकरी जाते.’ काय उत्तर द्यायचं या माणसाला? सांगा ना, संचालक मंडळ बसलंय समोर.

मग प्राचार्य आले. नवं गुणपत्रक टाईप करून आणलं होतं. झेबाचे मार्क यशश्रीला, यशश्रीचे झेबाला. वर अध्यक्षांची सही, खाली प्राचार्यांची, मधली जागा माझी. म्हणाले, ‘मॅडम, जाता जाता कशाला वाईटपणा घेता? आम्ही समारंभ मोठा ठेवलाय तुमचा.’ म्हणजे ही शाल कसली आहे ते कळलं ना आता? मला ही नको. इथे टेबलावर ठेवते, घडी मोडलेली नाही.

मी सही केली नाही, तर काही बिघडत नाही त्यांचं. उद्या सकाळी प्रभारी विभागप्रमुख येईल आणि करेल. म्हणून नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं. सुदैवानं माझं गुणपत्रक मी फाडू दिलं नव्हतं. तारीख आहे, नऊही रकाने माझ्या अक्षरात आहेत. ते माझ्या पर्समध्ये आहे. साडेपाचपर्यंत मी विषयतज्ज्ञ आहे, माझी सही चालते. पण प्राचार्य म्हणतील, आणि मला ते खोडता येणार नाही, की चिठ्ठ्या उलट्या होत्या, मॅडमनी सात नंबरला मार्क दिले म्हणजे यशश्रीलाच दिले. पुरावा गेला डिस्कबरोबर.

झेबा इथे आहे, दुसऱ्या रांगेत. तिला विचारल्याशिवाय मी हे बोलत नाही. मी तिला म्हटलं होतं, तुझं नाव घेत नाही, नुसतं सात नंबर म्हणते. ती म्हणाली, ‘नाव घ्या मॅडम. नंबरच राहिला तर परत अदलाबदल होईल.’ बावीस वर्षांची मुलगी. पडद्यामागे बाकावर बसून तिनं अध्यक्षांचं ते सगळं ऐकलं होतं. आपलं कौतुकही ऐकलं आणि ते कौतुक आपल्याला कोण समजून होतंय तेही कळलं. मी विचारलं, तेव्हा काय वाटलं ग तुला? म्हणाली, ‘हसू येत होतं. मग शेजारी बघितलं, तर ती रडत होती.’

शेजारी यशश्री होती.

तीही इथे आहे. मामांच्या कार्यक्रमाला भाचीनं यायचंच असतं. यशश्री, तू गेल्या सोमवारी माझ्याकडे आली होतीस. काय बोललीस ते मी इथे सांगणार नाही, तो तुझा अधिकार आहे. एवढंच सांगते की मला तुझ्यावर राग नाही. ती नोकरी तुलाही हवी होती आणि तू तिच्या लायकीची आहेस, हे पंचाहत्तर मार्क देणारी बाई सांगते आहे. ज्या दोघांनी तुला चाळीसच्या आत बसवलं, तेच आज तुला नव्वद देताहेत, त्यांच्यावर माझा राग आहे. तुझी आई म्हणते गप्प बस. मीही एकदा गप्प बसले होते, एका सभेत. त्याचं काय झालं ते तुला आत्ताच सांगितलं. यापेक्षा जास्त तुला काही सांगायचा मला हक्क नाही.

मी फक्त एक प्रश्न विचारते, सगळ्या सभागृहाला. त्या दिवशी पडद्यामागे चार नंबरची चिठ्ठी कोणाच्या हातात होती?

नाही ढुंढिराजराव, माईक बंद करायला सांगू नका. जयरामभाऊ तो बंद करणार नाहीत, त्यांना आधीच एक नोटीस मिळाली आहे, दुसऱ्या नोटिशीनं त्यांचं काय जाणार?

थांबू या. वेळ आहे. पाच वाजून आठ मिनिटं झालीत.

हं.

यशश्री, बसून नको ग, उभी राहा. मागे ऐकू आलं नाही. जयरामभाऊ, तो हातातला माईक द्या तिला. झेबा, सरक जरा, तिला बाहेर येऊ दे. धर तिचा कोपर. बोल बाळ.

ऐकलंत? ती म्हणाली, ‘चार नंबर माझ्याकडे होता.’ मराठीत म्हणाली. ढुंढिराजराव, आपण मान हलवताय, आपल्याला वाटतंय, घाबरून बोलतेय, मॅडमनी पढवलंय. ठीक आहे. यशश्री, तो उतारा पाठ आहे ना अजून? पहिलं वाक्य म्हण. इंग्रजीत. जसं तिथे म्हणालीस तसंच, सुधारून म्हणू नकोस.

झालं. आता हे सगळ्या हॉलनं ऐकलं. ‘इस्टेशन’ ऐकलंत ना? पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तिघांनी हेडफोन लावून ऐकलेला आवाज हाच. डिस्क फॉरमॅट करता येते, भाचीची जीभ कशी करणार? ढुंढिराजराव, ही ‘त्यांच्यातली’ आहे का, ते आता तुम्ही तुमच्या बहिणीला सांगा. मी नाही सांगणार.

टाळ्या नकोत. खरंच नकोत. वाजवायच्याच असतील तर त्या दोघींसाठी, आणि त्याही मी खाली उतरल्यावर.

आता सही. पेन माझं स्वतःचं आहे. हे बघा, माझ्या अक्षरातलं गुणपत्रक, सात नंबर, अठ्ठ्याऐंशी, झेबा नौशाद मणियार, प्रथम क्रमांक. खाली शेरा लिहिते, चार नंबर कोणाचा ते उमेदवारानं स्वतः सर्वांसमक्ष सांगितलं आहे. इंदिरा गायधनी. तारीख. वेळ, पाच वाजून चौदा मिनिटं. टाईप केलेला दुसरा कागद सर, तुम्हाला परत. मधली जागा रिकामीच आहे.

आभार मानायचे राहिले. संस्थेचे मानते, तीस वर्षं पगार वेळेवर दिला. विद्यार्थ्यांचे मानते, तुम्ही मला शिकवलंत. खातूनबींचे मानते, माझ्या झेडबद्दल. शफीसरांचे मानायला उशीर झाला आहे, सरफराज पुण्यात असतो, या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन येईन. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही. पण त्या अकरा सह्यांतली सातवी कोणाची होती, हे त्याला मी माझ्या तोंडानं सांगणार आहे.

माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, समारंभाचा बेरंग झाला असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. प्रमुख पाहुण्यांची तर मी मनापासून क्षमा मागते, ते बिचारे लांबून आलेत आणि त्यांच्या वाट्याला हे आलं. बाकी ज्यांनी क्षमा मागायला हवी त्यांची जागा व्यासपीठावरच आहे, आणि ज्या तिघांची मागायची ते तुमच्यासमोर उभे आहेत.

जयरामभाऊ, माईक राहू द्या. हा कागद घ्या, कार्यालय साडेपाचला बंद होतं. आवक रजिस्टरला नोंद करा, शिक्का मारा आणि नंबर मला इथे येऊन मोठ्यानं वाचून दाखवा. तोपर्यंत मी या खुर्चीवर बसते, उठत नाही. नमस्कार.